ऊर्जा ‘तयार’ होत नाही: श्वसन आणि प्रकाशसंश्लेषण शिकताना या चुका टाळा

दहावीच्या उत्तरपत्रिका तपासताना एक वाक्य हमखास समोर येतं: ‘तंतुकणिकेत (म्हणजे पेशीतल्या मायटोकाँड्रियात) ऊर्जा तयार होते.’ त्याचे गुण कुणी कापत नाही. पण इतकी वर्षं जीवशास्त्र शिकवल्यावर माझं ठाम मत झालंय की या धड्यातला बहुतेक गोंधळ याच वाक्यापासून सुरू होतो. ऊर्जा तयार होत नाही. ती कुठून तरी येते आणि कशात तरी जाते. वाण्याच्या वहीसारखा जमाखर्च मांडायचा, प्रत्येक पायरीला ‘हे आलं कुठून, गेलं कुठे’ असं विचारायचं. मग जे दरवर्षी पाठ करून दरवर्षी विसरतो, ते एकदाच कळतं आणि कळलेलं राहतं.

मुलांच्या, आणि अनेकदा पालकांच्याही, तोंडून पुन्हा पुन्हा ऐकलेल्या चुका पुढे मांडतेय.

झाड माती खातं

‘झाडाचं अन्न कुठून येतं?’ असं आठवीच्या वर्गात विचारलं की निम्मी मुलं ‘मुळांतून’ म्हणतात. खत घालणं म्हणजे झाडाला जेवण देणं, हे घरी ऐकलेलं असतं. सतराव्या शतकात ब्रसेल्सच्या व्हॅन हेल्माँटनं याचाच हिशेब केला होता. सुमारे ९० किलो सुकी माती कुंडीत भरून त्यानं सव्वादोन किलोंचं विलोचं रोप लावलं. हा विलो म्हणजे आपल्याकडच्या वाळुंजाचा भाऊबंद. पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड सुमारे ७७ किलोंचं झालं. माती पुन्हा वाळवून तोलली, तर घट भरली जेमतेम ५७ ग्रॅम. म्हणजे झाड मातीतून आलेलं नाही हे सिद्ध झालं. पण मग ते सगळं पाण्यातूनच आलं, असा निष्कर्ष त्यानं काढला. हवा त्याच्या हिशेबात आलीच नाही. वाळलेल्या लाकडाच्या वजनाचा मोठा भाग हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून आलेला असतो.

खताचं काम वेगळं आहे. नायट्रोजन, फॉस्फरस, पालाश हा कच्चा माल आहे. त्यातून झाडाला ऊर्जा मिळत नाही. डीएपी खताच्या गोणीतला फॉस्फेट पुढे एटीपीमध्ये, म्हणजे पेशी कामासाठी ऊर्जा वापरते त्या रेणूमध्ये, जाऊन बसतो, पण तो चालवायला लागणारी ऊर्जा सूर्याचीच असते.

इथेच दुसरी चूक दडलेली आहे. झाड कार्बन डायऑक्साइड फोडून त्यातला ऑक्सिजन बाहेर सोडतं, असं बहुतेकांना वाटतं. वहीतलं प्रकाशसंश्लेषणाचं समीकरण नीट बघा: 6CO₂ + 6H₂O → C₆H₁₂O₆ + 6O₂. डावीकडे पाण्याचे ६ रेणू, उजवीकडे ऑक्सिजनचे ६ रेणू. ऑक्सिजनच्या ६ रेणूंना १२ अणू लागतात, पाण्याच्या ६ रेणूंत ते ६च आहेत. बाकीचे कुठून आले? मुलं म्हणतात, कार्बन डायऑक्साइडमधून. तसं नाही. बाहेर पडणारा सगळा ऑक्सिजन पाण्यातलाच असतो. १९४१ मध्ये अमेरिकेत रूबेन आणि केमन यांनी जड ऑक्सिजनची खूण असलेलं पाणी शैवालाला देऊन हे तपासलं; खूण बाहेर पडलेल्या ऑक्सिजनमध्ये सापडली. म्हणून खरा हिशेब मांडायचा तर डावीकडे पाण्याचे १२ रेणू घ्यायचे आणि उजवीकडे ६ नवे दाखवायचे. प्रकाशाचं काम असतं पाण्यातून इलेक्ट्रॉन खेचून वर चढवण्याचं. पुढे भाकरीत, तेलात, साखरेत आपण जी ऊर्जा म्हणतो ती या चढवलेल्या इलेक्ट्रॉनांची.

दिवसा प्रकाशसंश्लेषण, रात्री श्वसन

हे वाक्य इतकं सुटसुटीत आहे की ते चुकीचं आहे यावर कुणाचा विश्वास बसत नाही. झाडाच्या पेशीतही तंतुकणिका असतात आणि त्या चोवीस तास चालू असतात. दिवसा उजेडात प्रकाशसंश्लेषणाचा वेग श्वसनापेक्षा कितीतरी जास्त असतो, म्हणून गोळाबेरीज ऑक्सिजन बाहेर अशी येते. रात्री फक्त श्वसन उरतं.

पटत नसेल तर कांद्याच्या चाळीपाशी उभं राहा. चाळीला खालून आणि बाजूंनी हवा खेळती ठेवतात, कारण रचलेला कांदा जिवंत आहे. तो श्वसन करतो, उष्णता आणि बाष्प सोडतो. हवा कोंडली की सड लागते. त्या कांद्याचा उजेडाशी काही संबंध नाही, श्वसन मात्र दिवसरात्र चालू आहे.

‘पिंपळ रात्रीसुद्धा ऑक्सिजन देतो’ हे तर दर पावसाळ्यात वृक्षारोपणाच्या भाषणात ऐकायला मिळतं. पिंपळ लावावा, जरूर लावावा, त्यावर किती पक्षी जगतात! पण ऑक्सिजन पाणी फुटून येतो आणि पाणी फोडायला प्रकाश लागतो. अंधारात कुठलंही झाड ऑक्सिजन सोडत नाही. हा समज बहुधा निवडुंग, कोरफड, पानफुटी अशा वनस्पतींच्या एका खऱ्या गुणधर्मातून आला असावा. त्या रात्री पर्णरंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि आम्लाच्या रूपात साठवतात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतात काम करणाऱ्या बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञानं पानफुटीचं पान चाखून लिहून ठेवलं होतं की ते सकाळी आंबट लागतं आणि दुपारपर्यंत ती चव जाते. रात्रभरात साठलेलं आम्ल दिवसा वापरलं जातं, इतकी साधी ही गोष्ट. रात्री साठतो तो कार्बन. ऑक्सिजन त्याही झाडांचा दिवसाच येतो.

याच जोडीला ‘अंधारातली अभिक्रिया’ हा शब्द, म्हणजे प्रकाशसंश्लेषणातली कार्बन डायऑक्साइडपासून साखर बनवण्याची पायरी. ती अंधारात होते म्हणून हे नाव नाही. तिला प्रकाश थेट लागत नाही, एवढाच त्याचा अर्थ. प्रत्यक्षात ती दिवसाच चालते, कारण तिला लागणारा एटीपी उजेडातच मिळतो आणि तिची काही विकरंही (एन्झाइम्स) उजेड असेपर्यंतच कामावर असतात.

एटीपी म्हणजे ऊर्जेची टाकी

एटीपीला आपण ‘ऊर्जेचं चलन’ म्हणतो. शब्द उत्तम आहे, पण मुलं चलन ऐकतात आणि मनात तिजोरी आणतात. शरीरात कोणत्याही क्षणी असलेला सगळा एटीपी शंभर ग्रॅमच्या आतबाहेर असतो. मात्र दिवसभरात त्याची उलाढाल साधारण आपल्या स्वतःच्या वजनाइतकी होते. तेच रेणू मोडतात, पुन्हा जुळतात, दिवसाला शेकडो वेळा. म्हणजे एटीपी हे खिशातले सुटे. ठेव असते ती चरबीत, यकृतातल्या आणि स्नायूंतल्या ग्लायकोजेनमध्ये, झाडाच्या स्टार्चमध्ये.

एटीपीचा शोध १९२९चा. जर्मनीत कार्ल लोमान यांना आणि अमेरिकेत हार्वर्डमध्ये सायरस फिस्क व यल्लाप्रगडा सुब्बाराव यांना तो स्वतंत्रपणे सापडला. सुब्बाराव आंध्रातल्या भीमवरमचे. वर्गात हे नाव मी आवर्जून सांगते, कारण आपल्या मुलांना ते माहीतच नसतं.

आता सगळ्यात हट्टी चूक. ‘एटीपीचा बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते.’ पुस्तकात, गाईडमध्ये, व्हिडिओत, सगळीकडे हेच वाक्य. पण रसायनशास्त्राच्या तासाला हीच मुलं शिकतात की बंध तोडायला ऊर्जा द्यावी लागते. दोन तास, दोन वेगळी सत्यं, आणि विचारायचं कुणी नाही!

वर्गात मी दोन लोहचुंबक आणते. चिकटलेले चुंबक ओढून वेगळे करायला जोर लागतो. सोडले की ते खट्कन एकमेकांना धरतात, तेव्हा ऊर्जा सुटते. बंधांचंही तसंच. एटीपीच्या शेपटीत तीन फॉस्फेट शेजारी शेजारी बसलेले असतात, सगळ्यांवर ऋण प्रभार, एकमेकांना ढकलत. पाण्याशी अभिक्रिया होऊन शेवटचा फॉस्फेट सुटतो तेव्हा जुना बंध तोडायला थोडी ऊर्जा खर्च होते. पण नवे बंध जुळतात, ढकलाढकल कमी होते, सुटलेल्या तुकड्यांना पाण्याचे रेणू घट्ट वेढतात, आणि यातून जास्त ऊर्जा परत मिळते. खर्च वजा जाता जी शिल्लक राहते ती आपल्याला दिसते. प्रमाणित परिस्थितीत ती एका मोलला सुमारे ३०.५ किलोज्यूल, आणि जिवंत पेशीत सहसा त्याहून बरीच जास्त. तेव्हा लिहायचंच तर ‘एटीपीच्या जलअपघटनातून ऊर्जा मुक्त होते’ असं लिहा. बोर्डालाही चालतं आणि खरंही आहे.

अजून एक बारकावा. नुसता एटीपी पाण्यात फुटला तर मिळेल ती फक्त उष्णता. पेशी तसं करत नाही. ती तो फॉस्फेट एखाद्या प्रथिनाला चिकटवते किंवा एटीपी प्रथिनाच्या खाचेत बसवून तिथेच फोडते. त्यानं प्रथिनाचा आकार बदलतो, आणि आकार बदलला की स्नायू आखडतो, पंप फिरतो.

श्वास म्हणजे श्वसन, आणि ऑक्सिजननं साखर जळते

श्वासोच्छ्वास छातीत होतो, श्वसन पेशीत. एवढं मुलं सांगतात. अडतात ती ‘ऑक्सिजन नेमका करतो काय’ या प्रश्नावर. क्रेब चक्रात, म्हणजे तंतुकणिकेत अन्नातला कार्बन डायऑक्साइड होऊन सुटतो त्या टप्प्यात, ऑक्सिजन वायू कुठेही वापरला जात नाही. उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमधला ऑक्सिजन हा आत घेतलेल्या श्वासातला नसतो. तो अन्नातला आणि पाण्यातला. श्वासातला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन वहन साखळीच्या (अन्नातले इलेक्ट्रॉन हातोहात पुढे देणाऱ्या प्रथिनांच्या रांगेच्या) अगदी शेवटच्या टोकाला उभा असतो, आलेले इलेक्ट्रॉन घेतो आणि त्याचं पाणी होतं. झाडानं पाण्यातून जे इलेक्ट्रॉन काढून वर चढवले होते, ते उतरत उतरत इथे पुन्हा पाण्यात पोचतात. सायनाइड याच शेवटच्या पायरीवर घाव घालतं. रक्तात ऑक्सिजन भरपूर असतो, पण पेशीला तो वापरता येत नाही.

आणि उतरताना मिळालेल्या ऊर्जेतून थेट एटीपी होत नाही. पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडलं की आधी प्रोटॉन तंतुकणिकेच्या आतल्या पटलापलीकडे ढकलले जातात आणि ते परत येताना एटीपी बनतो. कोयनेचं धरण डोळ्यांसमोर आणा: पाणी उंचावर अडवायचं आणि खाली सोडताना चाकं फिरवायची. लोकांना हे पटायला बरीच वर्षं गेली; १९७८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. चाक ही नुसती उपमाही नाही. एटीपी जुळवणारं विकर, एटीपी सिंथेज, खरोखर फिरतं, आणि १९९७ मध्ये जपानी संशोधकांनी ते फिरताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं.

म्हणूनच ‘ग्लुकोजच्या एका रेणूमागे ३८ एटीपी’ हा आकडा देवाच्या मूर्तीसारखा जपू नका. साखळीपर्यंत इलेक्ट्रॉन आणून देणारे रेणू म्हणजे एनएडीएच आणि एफएडीएच२. एका एनएडीएचमागे साधारण १० प्रोटॉन ढकलले जातात, एका एटीपीला सुमारे ४ लागतात. म्हणजे अडीच एटीपी, पुस्तकातले तीन नव्हेत. एफएडीएच२ मागे दीड. सगळा हिशेब ३० ते ३२ वर येतो. परीक्षेत तुमच्या पुस्तकातला आकडा लिहा, गुण त्याचेच आहेत. डोक्यात मात्र ३० ते ३२ असू द्या.

‘चरबी जळून तिची ऊर्जा झाली’ हेही असंच. वस्तुमानाची ऊर्जा होत नाही. दहा किलो चरबी कमी झाली तर त्यातली सुमारे ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन नाकावाटे जाते, उरलेली पाणी होऊन. जिममध्ये हे सांगितलं की लोक थबकतात.

व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी दुखणाऱ्या पोटऱ्यांचा दोषही लॅक्टिक आम्लाला देऊ नका. ते तासा-दोन तासांत निघून गेलेलं असतं. दुखतात त्या स्नायूंमधल्या बारीक इजा.

मटकीचा प्रयोग फसतो तेव्हा

श्वसनात उष्णता बाहेर पडते हे दाखवायला दोन थर्मास घेतात: एकात मोड आलेली मटकी, दुसऱ्यात उकळून गार केलेली. तोंडाला कापूस, त्यातून आत थर्मामीटर. मोडाच्या मटकीचं तापमान चढायला हवं, उकळलेलीचं नाही.

एका वर्षी मी शनिवारी मांडणी केली आणि सोमवारी मुलांसमोर बघितलं, तर दोन्ही थर्मामीटर चढलेले. उकळलेल्या मटकीच्या थर्मासचा कापूस काढताच आंबूस वास आला. दाणे बुळबुळीत झाले होते. मटकी मेलेली होती, पण तिच्यावर वाढलेले जिवाणू अगदी जिवंत होते आणि तेही श्वसन करत होते. तेव्हापासून मी दोन्ही ढीग जंतुनाशकाच्या पातळ द्रावणातून खळबळून घेते, थर्मासही आतून तसाच धुते, आणि दिवसभरात नोंदी संपवते. थर्मासला घट्ट बूच लावू नका, हवा कोंडते आणि मटकी आंबायला लागते. थर्मामीटरचा फुगा दाण्यांच्या मधोमध हवा, वरच्या हवेत नको.

कार्बन डायऑक्साइड दाखवायला चुन्याची निवळी वापरायची तर ती त्याच दिवशी काढलेली हवी. उघड्या भांड्यातली कालची निवळी हवेतला वायू शोषून वर साय धरते, आणि मग मटकी ठेवण्याआधीच प्रयोग ‘यशस्वी’ दिसतो. उलटही होतं: मुलं नळीतून फुंकत राहतात, निवळी दुधाळ होते आणि आणखी फुंकलं की पुन्हा नितळ दिसते. तिथे काही बिघडलेलं नसतं. जास्तीच्या कार्बन डायऑक्साइडमुळे तो पांढरा साका पाण्यात विरघळणारा झालेला असतो. दुधाळ झाली की तिथेच थांबा आणि नोंद करा.