बोर्ड गरम लागतोय? एक्स्टेन्शन आणि चार्जरच्या या चुका टाळा

अर्धा तास इस्त्री वापरून झाली की स्विच बंद करा, प्लग ओढा आणि लगेच त्याच्या प्लॅस्टिकला हात लावून पाहा. कोमट असेल तर चालेल. बोट टेकवून ठेवता येत नसेल, तर एकतर सॉकेटमधली पकड सैल झाली आहे, नाहीतर वायर त्या भारासाठी बारीक आहे. बोर्ड जळतो तो बहुधा मधोमध नव्हे, सांध्यापाशी. गोव्यात हे सांधे लवकर खराब होतात. चार महिने हवेत ओल असते, किनाऱ्याजवळच्या घरांत तर वर्षभर खारा वारा. पितळेच्या पिनांवर हिरवट थर चढतो, आतले लोखंडी स्क्रू गंजतात, स्पर्श नीट होत नाही आणि नेमकी तिथेच उष्णता साठत जाते.

चार सॉकेट म्हणजे चौपट वीज नव्हे

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. बोर्डाला 4 सॉकेट असोत की 8, त्याचा स्वतःचा प्लग 6 अँपिअरचा असेल तर सगळ्यांत मिळून 6 अँपिअरच. 230 व्होल्टला ते होतात 1,380 वॉट. आता 1,000 वॉटची इस्त्री आणि 1,500 वॉटची किटली एकाच वेळी लावा: 2,500 वॉट, म्हणजे जवळजवळ 11 अँपिअर. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह पावणेदोनपटीहून थोडा जास्त झाला की वायरीतली उष्णता तिपटीहून अधिक होते.

‘पण एमसीबी, म्हणजे जास्त भाराने आपोआप पडणारा मेनबोर्डावरचा स्विच, आहे ना, ती पडेल की.’ नाही पडणार. भिंतीतली वायर जाड असते आणि त्या सर्किटची एमसीबी 16 अँपिअरची असली, तर तिच्या दृष्टीने 11 अँपिअर म्हणजे नेहमीचा भार. एमसीबी भिंतीतल्या वायरीला सांभाळते. तुमच्या बोर्डाची बारीक वायर मात्र तिच्या डोळ्यांदेखत वितळते.

म्हणून बोर्ड घेताना रंग आणि यूएसबीची भोके नंतर बघा, आधी वायरीवर छापलेला आकडा वाचा. 0.75 चौरस मिलिमीटर असेल तर मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही, दिवे, पंखा एवढ्यापुरताच. मिक्सर आणि इस्त्रीसाठी 1.5 हवी, तीही एका वेळी एकच वस्तू. गीझर, इंडक्शन, मायक्रोवेव्ह, एसी यांचा प्लग थेट भिंतीतल्या 16 अँपिअरच्या सॉकेटमध्येच. मोठा प्लग छोट्या सॉकेटात बसवून देणारा कन्व्हर्शन प्लग पिनांचा आकार बदलतो, सॉकेटची ताकद नाही. एका बोर्डात दुसरा बोर्ड खोचू नका: सगळा भार पहिल्याच्या प्लगमधून जातो आणि सांधे दुप्पट होतात. गुंडाळी असलेला बोर्ड वापरताना वायर पूर्ण सोडा, वेटोळ्यातली उष्णता बाहेर पडत नाही.

तिसरी पिन

प्लगची वरची पिन लांब आणि जाड असते, कारण प्लग आत जाताना अर्थिंग आधी जुळावे आणि निघताना शेवटी सुटावे. तीच पिन सॉकेटमधली झडप उघडते. दोन पिनांचा प्लग घालण्यासाठी त्या भोकात पेन किंवा काडेपेटीची काडी खुपसली, की काही दिवसांत झडप मोडते आणि लहान मुलाच्या बोटाला किंवा खिळ्याला आत जायला वाट मिळते. सैल बसलेला दोन पिनांचा प्लग ठिणग्या टाकतो तो वेगळाच.

जुन्या घरांत तीन भोकांचे सॉकेट असते, पण मागे अर्थिंगची वायरच नसते. क्वचित त्याहून वाईट प्रकार सापडतो: सॉकेटच्या आत न्यूट्रल आणि अर्थिंग तारेच्या तुकड्याने जोडून ठेवलेले. न्यूट्रल कुठे तुटला, की फ्रीजचे धातूचे अंग थेट 230 व्होल्टवर येते. टेस्टरचा दिवा फक्त फेज दाखवतो, अर्थिंग आहे की नाही ते त्यावरून कळत नाही. परवानाधारक वायरमनला मीटर लावून दोन आकडे मोजायला सांगा. फेज ते अर्थ हा आकडा फेज ते न्यूट्रलच्या जवळपास यायला हवा, आणि न्यूट्रल ते अर्थ थोडेच व्होल्ट. हा दुसरा आकडा अगदी शून्य आला तर सॉकेट उघडून तो तुकडा नाही ना, हे पाहून घ्या. एप्रिल-मे महिन्यात जांभा दगडाची जमीन कोरडी पडते, तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालायला विसरू नका.

मेनबोर्डावर 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच, नसेल तर बसवून घ्या. एमसीबी वायर वाचवते, आरसीसीबी माणूस.

पाऊस आणि चवथ

ढगांचा गडगडाट सुरू झाला की टीव्ही, राउटर, लॅपटॉप यांचे प्लग काढा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. गेलेली वीज परत येताना व्होल्टेज उसळू शकते, पाच मिनिटे थांबून एकेक वस्तू लावा. स्पाइक गार्डमधला व्होल्टेज अडवणारा भाग प्रत्येक झटक्याने थोडा थोडा झिजतो. त्याचा निर्देशक दिवा विझला की तो साधा बोर्ड उरतो. शिवाय अर्थिंग नसेल तर त्याचा निम्मा उपयोग तसाही गेलेला असतो.

चवथीला मखराच्या एलईडी माळा फार वीज खात नाहीत. धोका असतो तो जोडांत: दोन माळा पिळून वर नुसती टेप, शेजारी समई, कापूस, थर्माकोल. गणपतीवर टांगलेल्या माटोळीच्या लाकडी चौकटीला ओली पाने आणि फळे बांधलेली असतात, तिच्या लाकडावरून वायर नेऊ नका. अंगणात किंवा बाल्कांवात बोर्ड ठेवायचा तर जमिनीपासून उंच, पागोळ्यांपासून लांब.

चार्जर

चार्जरवर ‘आर-’ने सुरू होणारा आठ आकड्यांचा नोंदणी क्रमांक शोधा आणि बीआयएस केअर अॅपमध्ये घालून पाहा. कंपनीचे नाव जुळले पाहिजे. नकली चार्जरमध्ये 230 व्होल्टची बाजू आणि मोबाइलची बाजू यांमधले अंतर वाचवलेले असते. ओलीत तेच अंतर कमी पडते.

धातूच्या अंगाच्या लॅपटॉपला चार्जिंगवेळी हात लावला की मुंग्या येतात? चार्जरच्या फिल्टरमधून अगदी थोडा प्रवाह अंगावर येतो. अर्थिंग असेल तर तो जमिनीत जातो. तीन पिनांचा प्लग अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्ये लावा. तरीही मुंग्या येत असतील, किंवा झटका बसत असेल, तर चार्जर बदला.

मोबाइलने पोर्ट ओले असल्याचा इशारा दिला तर पोर्ट खाली करून हलके झटका आणि पंख्याखाली ठेवा. ओल्या पोर्टात वीज गेली की संपर्क गंजतात. तांदळाच्या डब्यात ठेवू नका, पीठ आत जाते. चार्जिंग संथ झाले असेल तर आधी मोबाइल बंद करून लाकडी दातकोरणीने पोर्टातला खिशाचा धागा काढा, मग केबल बदलून पाहा, चार्जर शेवटी. उशीखाली किंवा गादीवर चार्जिंग नको. फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका, चार्जही करू नका.

प्रवासात

पॉवर बँक विमानात हातातल्या बॅगेतच. मर्यादा 100 वॉट-अवर: मिलिअँपिअर-अवरला 3.7ने गुणा आणि 1,000ने भागा. 20,000ची बँक 74 वॉट-अवर भरते, चालते. रेल्वेच्या डब्यातला पॉइंट मोबाइल आणि लॅपटॉपपुरता. किटली लावायला मनाई आहे. रात्री पॉइंट बंद ठेवले जाऊ शकतात, म्हणून निघतानाच बँक भरून घ्या.

परदेशी जाताना चार्जरवर ‘100-240 व्होल्ट’ लिहिले आहे का बघा. अॅडॉप्टर पिना बदलतो, व्होल्टेज नाही. दुबई, मस्कत आणि लंडनला चौकोनी तीन पिना, लिस्बनला गोल दोन. आपली 230 व्होल्टची इस्त्री या चारही ठिकाणी चालेल, अमेरिकेतल्या 120 व्होल्टवर नीट तापणार नाही.

तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणाऱ्या, मंडळींनी एक लक्षात ठेवावे. अनेक क्रूझ जहाजांवर स्पाइक गार्ड असलेला बोर्ड नेता येत नाही. जहाजाची वीजव्यवस्था घरासारखी नसते. बहुधा दोन्ही तारांत सांगाड्याच्या तुलनेत व्होल्टेज असते, आणि गार्डमधला भाग त्या सांगाड्याकडे गळती करू शकतो. एका तारेचा स्विच बंद केला तरी दुसरी जिवंत राहते. सामानात साधा मल्टी-यूएसबी चार्जर घ्या.

वास आला तर

तापलेल्या प्लॅस्टिकला काही वेळा मासळीसारखा वास येतो. सोमवारी घरात शिवराक (शाकाहारी जेवण) असताना तो चटकन लक्षात येतो, इतर दिवशी स्वयंपाकघराच्या खात्यावर जातो. म्हणून स्विचबोर्डाजवळ गेल्यावर वास वाढतो का ते पाहा. वाढत असेल तर आधी मेन स्विच बंद करा, गरम प्लग हाताने ओढू नका. तपकिरी डाग पडलेले सॉकेट घासून परत वापरायचे नाही, बदलायचे, आणि त्यात बसणारा काळवंडलेला प्लगही सोबत बदलायचा. जुना प्लग नव्या सॉकेटची पकड पुन्हा जाळतो. ज्वाळा दिसल्या तर पाणी नको: मेन बंद, कोरडी वाळू किंवा ड्राय पावडरचा अग्निशामक, आणि 101.