नेरूळ-वाशीच्या मैदानावर रविवारचा फुटबॉल सामना कसा पाहावा

नवी मुंबईतल्या नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाचे सामने झाले आणि २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये मुलींच्या त्याच वयोगटाच्या विश्वचषकाचा अंतिम सामनाही तिथेच झाला, ज्यात स्पेनने कोलंबियाला १-० असे हरवले. त्या दिवसांत तिकीट काढून गेलेल्या कितीतरी लोकांनी त्याच नेरूळमधल्या यशवंतराव चव्हाण मैदानावरचा किंवा वाशीच्या एखाद्या शाळेच्या मैदानावरचा स्थानिक सामना मात्र कधी थांबून पाहिलेला नसतो. तिथे तिकीट नसते, समालोचन नसते, गोल पुन्हा दाखवला जात नाही; आणि नेमक्या याच कारणांमुळे तो सामना पाहण्याची रीत वेगळी आहे. ज्यांना फुटबॉल थोडाफार ठाऊक आहे, पण मैदानाच्या कडेला उभे राहून तो पाहण्याची सवय नाही, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

आधी सामना शोधावा लागतो. चौकातला फ्लेक्स, क्लबचे इन्स्टाग्राम किंवा सोसायटीच्या ग्रुपवर फिरणारे वेळापत्रक यांतून माहिती मिळते, परंतु सर्वांत विश्वासार्ह खूण मैदानातच असते. शनिवारी संध्याकाळी फिरायला जाताना कोणी फक्कीने रेषा आखत असेल आणि गोलपोस्टना जाळ्या बांधल्या जात असतील, तर दुसऱ्या दिवशी सामना आहे असे खुशाल समजावे, कारण सरावासाठी जाळ्या बांधण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. पावसाळ्यात शालेय स्पर्धांचा हंगाम असतो. सुब्रतो चषकाच्या आणि शालेय क्रीडा स्पर्धांच्या प्राथमिक फेऱ्या महापालिका आणि जिल्हा पातळीवर होतात, आणि त्या बहुधा कामाच्या दिवशी असल्यामुळे मैदानात शिक्षक, राखीव खेळाडू आणि दोन-चार पालक यांच्याखेरीज कोणी नसते. मुंबईच्या लीगमधले वरच्या गटांचे सामने पाहायचे असतील तर कूपरेज किंवा वांद्र्याचे नेव्हिल डिसूझा मैदान गाठावे. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणाऱ्या डिसूझांचे नाव त्या मैदानाला आहे. तरी सुरुवात आपल्या घराजवळच्या मैदानापासून करावी, असेच मी सांगेन. एखादा संघ महिन्यातून दोनदा पाहिला की त्यातील मुले ओळखू येऊ लागतात आणि पाहण्यातला खरा रस तिथून सुरू होतो.

ठाण्याहून येणाऱ्यांनी रविवारी निघण्यापूर्वी रेल्वेचा मेगाब्लॉक तपासलाच पाहिजे. ट्रान्स-हार्बर किंवा हार्बर मार्गावर ब्लॉक असला की अकराचा सामना मध्यंतरानंतरच दिसतो. टोपी आणि पाण्याची बाटली सोबत असू द्यावी. पुष्कळ मैदानांना सावली नाही आणि ऑक्टोबरच्या उन्हात दीड-पावणेदोन तास उभे राहणे सोपे नसते.

शक्य असेल तर सामना सुरू होण्याआधी वीस मिनिटे पोहोचावे. या वीस मिनिटांत एक दृश्य हमखास पाहायला मिळते. पंच दोन्ही संघांना रांगेत उभे करतात, प्रत्येकाला पाय मागे उचलून बुटाचे स्टड दाखवायला सांगतात आणि अंगावरचे दागिने उतरवायला लावतात. नियमानुसार कोणताही दागिना घालून खेळता येत नाही, त्यावर चिकटपट्टी लावूनही चालत नाही. मग कोणाचे कडे, कोणाची चांदीची साखळी, कोणाच्या कानातली बाळी, एखाद्याची साखरपुड्याची अंगठी असे सगळे कोचच्या रुमालात जमा होते आणि तो रुमाल गाठ मारून किटबॅगमध्ये जातो. एका गोलरक्षकाला हातमोजे काढून, थुंकी लावून अंगठी फिरवून फिरवून काढताना मी पाहिले आहे, आणि दोन्ही संघ तोवर शांतपणे थांबले होते. या वेळात कोण डाव्या पायाने चेंडू मारतो, गोलरक्षक उंच चेंडू पकडतो की मुठीने मारतो, कोणता खेळाडू इतरांना जागा सांगतो आहे, एवढे टिपून ठेवले तरी पुढचा खेळ निम्मा उलगडतो.

उभे कुठे राहावे, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा महत्त्वाचा आहे. गोलच्या मागे उभे राहू नये. तिथे चेंडू अंगावर येतो, गोलरक्षकाचे लक्ष विचलित होते आणि खेळाचा आडवा विस्तार मुळीच कळत नाही. संघांच्या राखीव खेळाडूंच्या बाकाजवळही उभे राहू नये. ती कोचची जागा आहे. बाजूच्या रेषेपासून निदान दोन-तीन पावले मागे राहावे, कारण थ्रो-इन घेणाऱ्याला मागे सरकायला आणि घसरत आलेल्या खेळाडूला थांबायला जागा लागते. साहाय्यक पंच, ज्यांना मैदानात सगळे लाइन्समनच म्हणतात, आपल्या बाजूच्या रेषेच्या केवळ अर्ध्या भागात, म्हणजे मध्यरेषेपासून कोपऱ्यातल्या झेंड्यापर्यंत धावतात. त्या रेषेचा दुसरा अर्धा भाग मोकळा असतो. तो भाग प्रेक्षकाने निवडावा. म्हणजे आपण कोणाच्या वाटेत येत नाही आणि कोणी आपल्या दृष्टीआड उभे राहत नाही. मैदान उत्तर-दक्षिण आखलेले असेल तर संध्याकाळी पश्चिमेकडच्या आणि सकाळी पूर्वेकडच्या रेषेवर उभे राहावे, म्हणजे ऊन पाठीवर येते. पायऱ्या असतील तर सर्वांत वरची पायरी गाठावी, कारण जमिनीवरून पाहताना दोन खेळाडूंमधले अंतर नेहमीच कमी भासते.

आता पाहायचे काय? दूरचित्रवाणीने आपल्याला चेंडूच्या मागे धावायची सवय लावली आहे, कारण कॅमेराच तसा धावतो. मैदानात ही सवय सोडता येते, आणि माझ्या मते स्थानिक सामन्याचा सर्वांत मोठा लाभ हाच आहे. पहिली दहा मिनिटे चेंडू पाहावा, मग एक खेळाडू निवडून पुढची दहा मिनिटे फक्त त्यालाच पाहावे. मधल्या फळीतला खेळाडू निवडला तर उत्तम. चेंडू आपल्याकडे येण्यापूर्वी तो मान वळवून मागे पाहतो का, हे मोजावे. जो दोनदा पाहतो, त्याला चेंडू मिळाल्यावर घाई करावी लागत नाही. जो पाहत नाही, त्याचा पहिला स्पर्श चांगला असूनही चेंडू हिरावला जातो. नंतर बचावफळीतल्या चौघांकडे पाहावे. चेंडू एका बाजूला गेला की चौघेही दोरीने बांधल्यासारखे त्या बाजूला सरकतात का, की पलीकडचा बॅक जागेवरच उभा राहतो? गोल होतात ते पुष्कळदा त्या विसरलेल्या पलीकडच्या बाजूने. आणि आपला संघ आक्रमणात असताना गोलरक्षक कुठे उभा आहे, हे एकदा तरी मागे वळून पाहावे. चांगला गोलरक्षक तेव्हा पेनल्टी क्षेत्राच्या कडेपर्यंत पुढे आलेला असतो आणि सतत बोलत असतो.

मैदानाचा पृष्ठभागही वाचावा लागतो. आपल्याकडच्या मातीच्या मैदानांवर गोलसमोरची जागा खरवडलेली असते आणि तिथे टप्पा विचित्र पडतो, म्हणून पुढचा खेळाडू चेंडू थांबवण्याऐवजी हवेतच मारतो. त्याला घाईचा दोष देण्याआधी त्याच्या पायाखालची जमीन पाहावी. दुपारनंतर खाडीवरून पश्चिमेचा वारा सुटला की पश्चिमेच्या बाजूने मारलेला उंच क्रॉस लांबच्या खांबाच्याही पलीकडे वाहत जातो आणि पूर्वेकडून मारलेला हवेतच अडखळतो. पावसात चेंडू डबक्यात थांबतो, तेव्हा जमिनीवरचे पास सोडून उंच चेंडू मारणे हे अडाणीपणाचे नसून शहाणपणाचे असते.

कानही उघडे ठेवावेत. मैदानाची स्वतःची भाषा आहे आणि ती मराठी, हिंदी, इंग्रजी अशी मिसळलेली आहे. ‘मॅन ऑन’ म्हणजे मागून प्रतिस्पर्धी येत आहे. ‘टाइम है’ म्हणजे निवांत घे, जवळ कोणी नाही. ‘टर्न’ म्हणजे वळायला मोकळीक आहे. ‘सेकंड बॉल’ म्हणजे उंच चेंडूवर दोघे झेपावल्यानंतर सुटून येणाऱ्या चेंडूसाठी सज्ज राहा. आणि ‘बाहर निकलो’ ही आरोळी गोलरक्षकाची असते, बचावफळीने एकत्र पुढे सरकून प्रतिस्पर्ध्याला ऑफसाइडमध्ये सोडावे यासाठी. दूरचित्रवाणीवर हे ऐकू येत नाही. कडेला उभे राहून पाच मिनिटे ऐकले की कोणता संघ एकमेकांशी बोलतो आणि कोणता गप्प आहे हे कळते, आणि गप्प संघ शेवटच्या पंधरा मिनिटांत विस्कळीत होताना मी वारंवार पाहिला आहे.

नियमांपैकी मोजकेच ठाऊक असले तरी भागते, परंतु तेवढे नीट ठाऊक असावेत, कारण कडेला होणारे निम्मे वाद अपुऱ्या माहितीतून होतात. थ्रो-इन, गोलकिक आणि कॉर्नर यांतून थेट आलेल्या चेंडूवर ऑफसाइड नसतो. स्वतःच्या अर्ध्या भागात असलेला खेळाडूही ऑफसाइड होत नाही. चेंडू संपूर्णपणे रेषेपलीकडे गेल्याशिवाय बाहेर गेला असे होत नाही, मग तो रेषेवर कितीही रेंगाळो. फ्री-किकच्या वेळी पंचांनी हात डोक्यावर सरळ धरून ठेवला असेल तर ती अप्रत्यक्ष किक आहे आणि त्यावर थेट गोल मोजला जात नाही. फाउल होऊनही शिटी वाजली नाही आणि पंचांनी हात पुढे पसरले, तर ते पाहिले नाही असे नव्हे. त्यांनी आक्रमण करणाऱ्या संघाला फायदा दिलेला असतो. २०२५ साली नियमावलीत झालेल्या बदलानुसार गोलरक्षकाने चेंडू आठ सेकंदांपेक्षा जास्त वेळ हातात धरला तर प्रतिस्पर्ध्याला कॉर्नर मिळतो. सामना ९० मिनिटांचा असतो, परंतु वयोगटांच्या आणि एका दिवसात अनेक सामने असणाऱ्या स्पर्धांत वेळ कमी ठेवलेली असते, तेव्हा ती आयोजकांच्या टेबलावर विचारून घ्यावी. जाळीने बंदिस्त केलेल्या टर्फवरचा पाच किंवा सात जणांचा खेळ वेगळा आहे. तिथे ऑफसाइड सहसा नसतो, खेळाडू कितीही वेळा बदलता येतात आणि बाकीचे नियम आयोजक ठरवतात.

आता बोलण्याविषयी, आणि हा मुद्दा मला सर्वांत जिव्हाळ्याचा आहे. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील किंवा खंडोबा तालमीच्या संघामागे पेठच्या पेठ उभी राहते, आणि त्या गजरात एकट्याचा आवाज विरून जातो. नवी मुंबई सिडकोने १९७० नंतर वसवलेले शहर आहे. इथे आगरी-कोळी गावांतली मुले, केरळ, गोवा, बंगाल आणि ईशान्येकडून आलेल्या कुटुंबांतली मुले एकाच संघात खेळतात आणि त्यांच्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांची पेठ नसते, वीस-पंचवीस माणसे असतात. त्यामुळे आपण उच्चारलेला प्रत्येक शब्द खेळाडूपर्यंत पोहोचतो. चौदा वर्षांखालच्या एका सामन्यात उजव्या बाजूने खेळणारा एक मुलगा पहिली दहा मिनिटे सुरेख धावत होता. मग त्याचे वडील रेषेवर आले आणि ‘मार! पास कर! मागे जा!’ असे एकामागून एक सांगू लागले, तर दुसऱ्या बाजूने कोच नेमके उलट सांगत होते. मध्यंतरापर्यंत त्या मुलाने चेंडू मागणेच सोडले. चेंडू पायाशी आला की तो आधी वडिलांकडे पाहत असे. म्हणून मुलांच्या सामन्यात सूचना देऊच नये. चांगल्या पासला, चांगल्या अडवणुकीला, चुकून गोल खाल्लेल्या गोलरक्षकाने पुढचा चेंडू अडवला तर त्याला, आणि प्रतिस्पर्धी संघाच्याही सुंदर खेळाला टाळ्या द्याव्यात. ‘शाब्बास, बरोबर विचार केलास’ हे वाक्य चुकलेल्या पासलाही लागू पडते, आणि ते ऐकलेला मुलगा तसा पास पुन्हा करून पाहतो.

पंचांना शिवीगाळ करू नये, एवढे सांगणे पुरेसे असायला हवे, पण नसते. स्थानिक सामन्यातील पंच बहुधा एकाच दिवशी दोन-तीन सामने त्याच उन्हात चालवतात, आणि त्यांच्याकडे चित्रफीत पाहण्याची सोय नसते. ऑफसाइडचा निर्णय आपल्याला चुकीचा वाटला, तर आपण त्या क्षणी शेवटच्या बचावपटूच्या रेषेत उभे होतो का, हे स्वतःला विचारावे. तिरक्या कोनातून प्रत्येक ऑफसाइड चुकीचाच दिसतो. फोटो आणि व्हिडिओबाबतही काळजी हवी. मुलांचे, विशेषतः मुलींच्या संघांचे चित्रीकरण कोच किंवा पालकांना विचारल्याशिवाय करू नये आणि न विचारता कुठे टाकू तर अजिबात नये.

चेंडू आपल्याकडे आला तर तो हाताने उचलून जवळच्या खेळाडूकडे द्यावा. पायाने मारण्याचा मोह आवरावा, कारण तो भलतीकडे गेला की खेळाचा वेळ जातो. कोणी जखमी झाल्यास पंचांनी बोलावल्याशिवाय मैदानात जाऊ नये. मध्यंतरात मुले पाणी पीत असताना त्यांच्या घोळक्यापासून दूर राहावे आणि चहाच्या टपरीकडे जावे. तिथे जुने खेळाडू भेटतात आणि कोणत्या संघाचा गोलरक्षक नवीन आहे, कोणाची परीक्षा आहे म्हणून कोण आला नाही, हे सगळे तिथेच समजते. कागदी कप आणि बाटल्या मात्र सोबत परत न्याव्यात. सकाळी त्याच मैदानावर लहान मुले अनवाणी धावतात.

शेवटची शिटी झाली की लगेच निघू नये. दोन्ही संघ हात मिळवतात, कोच रुमालाची गाठ सोडतो आणि ज्याची त्याची साखळी, कडे परत करतो, राखीव खेळाडू जाळ्या सोडू लागतात. जाळीच्या गाठी उंचावर असतात आणि हात कमी पडतात. विचारून मदत केली तर कोणी नको म्हणत नाही, आणि पुढच्या रविवारचा सामना कोणत्या मैदानावर, किती वाजता आहे, ते जाळी गुंडाळतानाच कळून जाते.