थॉर, लोकी आणि व्हायकिंगांबद्दल बोलताना या चुका टाळा

मार्व्हलच्या चित्रपटांनी नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियातले, देव आपल्याकडच्या पोरांच्या तोंडी आणले, हे मान्यच. पण क्विझचा प्रश्न काढताना, रील बनवताना किंवा दंडावर टॅटू काढून घेताना लोक पडद्यावरची गोष्टच मूळ पुराणकथा म्हणून ठोकून देतात आणि तिथे घोळ होतो.

सगळ्यात मोठा घोळ नात्यांचा. लोकी हा थॉरचा भाऊ नव्हे, दत्तकही नव्हे. जुन्या काव्यात लोकी ओडिनला, म्हणजे थॉरच्या बापाला, आठवण करून देतो की आपण दोघांनी रक्तात रक्त मिसळलं होतं. म्हणजे हिशेबाने तो थॉरचा काका लागतो! लाउफे ही लोकीची आई. चित्रपटात तिचा हिमदैत्यांचा राजा करून टाकला आहे. मृतांच्या जगाची राणी हेल ही ओडिनची थोरली मुलगी नसून लोकीची लेक. फेन्रिर लांडगा आणि जगाला वेटोळं घालून बसलेला योर्मुंगांड साप हे तिचे सख्खे भाऊ. थॉरची आईही ओडिनची बायको फ्रिग नाही, योर्ड म्हणजे साक्षात पृथ्वी. 1962 साली कॉमिक्समध्ये थॉर आला आणि तिथून पुढे कॉमिक्स-चित्रपटांत हे सगळं एका घरात आणून बसवलं गेलं. भाऊबंदकीशिवाय गोष्ट रंगत नाही, हे अमेरिकेतही खरंच असावं.

दुसरी चूक थॉरच्या हातोड्याबद्दलची, म्हणजे म्योल्निरबद्दलची. ‘जो लायक असेल तोच म्योल्निर उचलू शकतो’ ही अट कॉमिक्सची. मूळ कथेत थ्रिम नावाचा दैत्य हातोडा सरळ चोरून नेतो, जमिनीत खोल पुरून ठेवतो आणि सांगतो, फ्रेया देवी बायको म्हणून द्या, मग हातोडा मिळेल. फ्रेया संतापून नकार देते. शेवटी थॉरलाच नवरीचा वेष चढवतात, डोक्यावरून पदर, गळ्यात फ्रेयाचा हार, आणि लोकी करवली बनून सोबत जातो. लग्नाच्या जेवणात ही नवरी एक अख्खा बैल आणि आठ सॅमन मासे फस्त करते, वर तीन पिंपं मधाची दारू. थ्रिम चक्रावतो. करवली शांतपणे सांगते, तुमच्या ओढीने बिचारीने आठ रात्री अन्नाला हात लावला नव्हता. मग विधीसाठी हातोडा नवरीच्या मांडीवर ठेवतात आणि पुढे वऱ्हाडाचं काय झालं असेल ते ओळखा.

ही कथा वाचलेल्याला 2022 च्या गॉड ऑफ वॉर गेममधला पोट सुटलेला, लाल दाढीचा थॉर अजिबात खटकणार नाही. उलट गुळगुळीत दाढी केलेला, सोनेरी केसांचा कॉमिक्समधला थॉरच परका वाटेल. अर्थात त्याच गेममध्ये लोकी हा ग्रीक योद्ध्याचा मुलगा आहे, तेव्हा तोही पुरावा म्हणून दाखवू नका.

आपल्या वाचकांची एक खास चूक म्हणजे ‘थॉर म्हणजे इंद्र आणि योतुन (नॉर्स कथांतले दैत्य) म्हणजे असुर’ असं समीकरण मांडून मोकळं होणं. विजेचा देव सापाशी लढतो एवढं साम्य आहे, आणि भाषांच्या जुन्या नात्यामुळे अभ्यासकही या दोघांची तुलना करतात. पण वृत्राला मारून इंद्र राज्य करतो, तर रॅग्नारोकमध्ये, म्हणजे जगबुडीच्या शेवटच्या लढाईत, सापाला मारून थॉर नऊ पावलं चालतो आणि विषाने कोसळतो. योतुनही सरसकट खलनायक नाहीत. ओडिनची आई बेस्टला त्यांच्यातलीच. तुलना करायचीच असेल तर कश्यपाची आठवण काढा. देव आणि दैत्य एकाच बापाचे, हे आपल्या पुराणांनीही सांगितलेलं आहे.

या कथांना ‘व्हायकिंगांचा धर्मग्रंथ’ म्हणू नका. या कथा जिथे लिहून ठेवल्या गेल्या त्या आइसलंडने इसवी सन 1000 च्या सुमारास ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तिथल्या स्नोरी स्टुर्लुसन या लेखकाने आपली एड्डा, म्हणजे या कथांचा ग्रंथ, लिहिली ती 1220 च्या आसपास आणि जुन्या काव्यांचं (त्या संग्रहालाही एड्डाच म्हणतात) मुख्य हस्तलिखित 1270 च्या सुमाराचं. जे हाती आहे ते ख्रिस्ती लेखकांनी जपलेलं आहे. एखादी गोष्ट खरी जुनी का हे तपासायचं तर या दोन एड्डांपासून सुरुवात करा.

शिंगांची शिरस्त्राणं? ती 1876 मध्ये जर्मन संगीतकार वाग्नरच्या ऑपेरासाठी कार्ल एमिल डोप्लरने केलेल्या वेशभूषेमुळे लोकप्रिय झाली. 1943 मध्ये नॉर्वेत येरमुंडबू इथे सापडलेल्या व्हायकिंग शिरस्त्राणाला शिंगं नाहीत. विषय संपला.

टॅटूचं मात्र जपून. ‘व्हायकिंगांचं होकायंत्र’ म्हणून खपवलं जाणारं वेगविसिर हे चिन्ह 1860 च्या आइसलंडी हस्तलिखितातलं आहे, व्हायकिंग युगानंतर आठशे वर्षांचं. आवडलं तर जरूर काढा, फक्त प्राचीन म्हणू नका. रून, म्हणजे जुन्या उत्तर युरोपी लिपीच्या, अक्षरांचं प्रकरण जास्त गंभीर आहे, कारण त्यातली काही नाझींनी उचलली. शिकायला किंवा नोकरीला जर्मनीत जाणार असाल तर हे आधीच बघा: एसएस या नाझी दलाचं दुहेरी विजेसारखं चिन्ह तिथे सार्वजनिक ठिकाणी मिरवणं हा गुन्हा आहे, आणि नाझींनी वापरलेली ओडाल रून दंडावर दिसली तर तुम्हाला मार्व्हल आवडतं म्हणून काढली, हे समोरचा ऐकून घेईलच असं नाही.