ग्रामसभेत उभे राहण्यापूर्वी: गोव्यात नव्याने आलेल्या मराठी मंडळींसाठी

नोकरीसाठी, व्यवसायासाठी किंवा निवृत्तीनंतर निवांत राहण्यासाठी गोव्यात येणाऱ्या मराठी कुटुंबांना वर्ष-दोन वर्षांत एक गोष्ट खुपू लागते. शेजारची टेकडी कापली जात असते, कचरा रस्त्याकडेला साठत असतो, नळ दिवसाआड कोरडा असतो आणि याविरुद्ध कोणीतरी उभे राहिले पाहिजे असे वाटू लागते. ही भावना योग्यच आहे. मात्र ती कृतीत उतरवताना आपली माणसे ठरावीक ठिकाणीच अडखळतात, हे मी कोल्हापूरहून येऊन बार्देश तालुक्यात स्थिरावल्यापासून सतत पाहत आलो आहे. आमच्या गावच्या नागरिक समितीचे काम करताना दर पावसाळ्यानंतर नवे चेहरे येतात, त्याच चुका करतात आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत दिसेनासे होतात. म्हणून हे लिहून ठेवत आहे.

सर्वप्रथम मतदार यादीतील नाव इथे आणा. गोवा पंचायत राज कायदा १९९४ नुसार पंचायत क्षेत्राच्या मतदार यादीत ज्याचे नाव आहे, तोच ग्रामसभेचा सदस्य असतो. तुमचे तीन मजली घर असले, घरपट्टी वेळेवर भरत असलात तरी यादीत नाव नसेल तर सरपंच तुम्हाला खाली बसवू शकतो आणि तसे बसवलेले मी पाहिले आहे. आपल्यातील बरेच जण गावाकडची भाऊबंदकी, सोसायटीची निवडणूक किंवा केवळ सवय म्हणून नाव सातारा-सांगलीतच ठेवतात आणि इथे हक्काची भाषा करतात. कायद्याने नाव एकाच ठिकाणी असू शकते, तेव्हा कुठे राहायचे ते मनाशी ठरवा आणि ठिकाण बदलण्यासाठीचा फॉर्म ८ भरून टाका. भाड्याने राहणाऱ्यालाही हे करता येते. सरकारी नोकरीसाठी लागणाऱ्या १५ वर्षांच्या रहिवासाच्या दाखल्याशी याचा काहीही संबंध नाही, ही गल्लत फार जण करतात.

सर्वसाधारण ग्रामसभा जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या महिन्यांतील एखाद्या रविवारी होतात. म्हापसा, मडगाव, फोंडा अशा नगरपालिकेच्या हद्दीत राहणाऱ्यांना ग्रामसभा नसते. त्यांनी नगरसेवक गाठावा.

नाव यादीत आले की लगेच नवी संघटना काढू नका. गोव्यात १९१ ग्रामपंचायती आहेत आणि बहुतेक गावांत एखादी तरी समिती, एखादा जुना शिक्षक, देवस्थानच्या किंवा चर्चच्या कामातली चार माणसे असतातच, जी तुम्ही येण्याच्या कितीतरी आधीपासून त्याच टेकडीसाठी भांडत असतात. त्यांना वगळून 'जागरूक नागरिक मंच' असा फलक लावणे हा उद्धटपणा आहे. आपल्या लोकांना अध्यक्षपदाची भारी हौस. पुण्या-मुंबईत सोसायटीचा कारभार पाहिलेला माणूस इथे आला की पहिल्याच बैठकीत 'आमच्याकडे असे चालत नाही' या वाक्याने सुरुवात करतो आणि त्यानंतर समोरचा प्रत्येक जण नम्रपणे हसत त्याचे ऐकणे बंद करतो.

तुमचा खरा उपयोग वेगळ्याच गोष्टीत आहे. लहान गावात पंच हा कोणाचा तरी मावसभाऊ असतो, सचिवाची बहीण शेजारच्या वाड्यावर दिलेली असते, आणि ज्याच्या बांधकामाला हरकत घ्यायची त्याच्याच दुकानातून महिन्याचे सामान उधारीवर येत असते. स्थानिक माणसाला सगळे ठाऊक असते, पण कागद मागताना त्याची अडचण होते. तुमची तशी अडचण नसते. तेव्हा पुढे बोलायचे त्यांनी आणि कचेऱ्यांचे उंबरे झिजवायचे तुम्ही, अशी वाटणी केली तर काम होते. आमच्या समितीत जे काही साध्य झाले, ते याच वाटणीमुळे झाले असे माझे ठाम मत आहे.

बैठकीत बसण्यापूर्वी थोडा इतिहास माहीत असावा, कारण तिथला संशय समजायला तोच लागतो. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन होण्यासाठी फूल आणि संघप्रदेश राहण्यासाठी दोन पाने, अशी चिन्हे होती. दोन पाने सुमारे ३४ हजार मतांनी जिंकली. आज सत्तरी-पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसांना आपल्या घरातून कोणते मत पडले हे अजून आठवते. जमिनीच्या बाबतीत अलीकडचा अनुभवही तितकाच ताजा आहे. २००६ च्या अखेरीस गोवा बचाव अभियान उभे राहिले आणि २००७ मध्ये सरकारला प्रादेशिक आराखडा २०११, म्हणजे कोणती जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणारा नकाशा, मागे घ्यावा लागला. त्याच वर्षाच्या शेवटी विशेष आर्थिक क्षेत्रे रद्द करण्याची घोषणा झाली. पुढे प्रादेशिक आराखडा २०२१ साठी गावागावांत नकाशे पाठवून हरकती मागवण्यात आल्या, त्यामुळे पंचायतीच्या बाकावर बसणारा साधा शेतकरीसुद्धा नकाशावरचे रंग वाचू शकतो. २०२१ च्या जानेवारीत सत्तरी तालुक्यातील मेळावलीच्या ग्रामस्थांनी आयआयटीचा प्रकल्प आपल्या गावातून परतवला, त्यात स्त्रिया पुढे होत्या. अशा लोकांना 'जागृती' शिकवायला जाऊ नका.

याच ओघात भाषेबद्दल एकदाच आणि स्पष्टपणे सांगतो. कोकणी ही मराठीची बोली आहे, हे वाक्य गावाच्या बैठकीत, चहाच्या टपरीवर, व्हॉट्सॲपच्या गटावर, कुठेही उच्चारू नका. साहित्य अकादमीने कोकणीला १९७५ मध्ये मान्यता दिली, १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी ही राजभाषा ठरली आणि मराठीचा सरकारी कामात वापर करण्याची तरतूद झाली, १९९२ मध्ये कोकणी घटनेच्या आठव्या अनुसूचीत गेली. मराठीला राजभाषेचे स्थान मिळावे अशी मागणी गोमंतकीय मराठीप्रेमी करतात. तो त्यांचा आणि त्यांच्या शेजाऱ्यांचा जुना प्रश्न आहे, आणि आपण बाहेरून येऊन त्यात तेल ओतले की कचऱ्यासाठी जमलेली सभा कचरा विसरून १९६७ मध्ये जाऊन पोहोचते. एकदा एका उत्साही गृहस्थाने नेमके हेच केले आणि ज्या सह्यांच्या निवेदनावर अर्धा गाव सही करणार होता, ते निवेदन तिथेच टेबलावर पडून राहिले. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या भागांत मराठी सहज चालते. दक्षिण गोव्यातील सासष्टीत सभा कोकणीत आणि कागद इंग्रजीत असतात. कोकणी बोलता आली नाही तरी चालेल, ऐकून कळली पाहिजे. कधी कोणी 'घाटी' म्हटले तर तो शब्द गिळा. दोन-तीन ग्रामसभांना नियमित येणाऱ्याला सहसा कोणी तसे म्हणत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मुख्यतः लिहायला बसलो, ती म्हणजे पोच. तुम्ही पंचायतीला, नगर नियोजन खात्याला, मामलेदारांना किंवा आणखी कोणालाही जे द्याल, त्याच्या दुसऱ्या प्रतीवर इनवर्ड क्रमांक, तारीख, शिक्का आणि घेणाऱ्याची सही असल्याशिवाय त्या कचेरीतून बाहेर पडू नका. आमच्याजवळच्या एका वसाहतीतील लोकांनी टेकडी कापण्याविरुद्ध निवेदन तयार केले, घरोघर फिरून सह्या घेतल्या, छायाचित्रे जोडली आणि एका संध्याकाळी सरपंचांच्या घरी जाऊन सोप्यावर बसून चहा घेत ते त्यांच्या हातात दिले. सरपंचांनी ते आदराने स्वीकारले, फोटो काढला गेला, तो सगळीकडे फिरला. काही महिन्यांनी टेकडी निम्मी झाली तेव्हा माहितीचा अधिकार वापरून विचारणा झाली आणि उत्तर आले की असे कोणतेही निवेदन कार्यालयाच्या नोंदीत नाही. उत्तर खोटे नव्हते. कागद कार्यालयात कधी आलाच नव्हता, तो एका घरात गेला होता. वकिलाने पहिला प्रश्न विचारला तो तारखेचा, आणि दाखवायला होता तो केवळ चहाचा फोटो.

म्हणून कारकून हसून म्हणाली की 'कागद दवरून वचात, शिक्को मागीर मारतां' (कागद ठेवून जा, शिक्का नंतर मारते), तर तुम्हीही हसून बाकावर बसा आणि शिक्का मारेपर्यंत बसून राहा. सचिव रजेवर आहे, शिक्का कपाटात आहे, आज वीज नाही, ही कारणे तुम्हाला ऐकायला मिळतील. शिक्का मिळतच नसेल तर त्याच दिवशी तोच कागद स्पीड पोस्टने पाठवा, पावती निवेदनाच्या प्रतीला टाचून ठेवा आणि ईमेलही करा. ग्रामसभेत मांडायचा मुद्दासुद्धा आधी लेखी द्या आणि त्याचीही पोच घ्या, कारण तोंडी बोललेले इतिवृत्तात कसे उतरेल याचा भरवसा नसतो. पुढच्या सभेत मागील इतिवृत्त वाचले जाते तेव्हा गप्पा मारू नका. तुमचा ठराव तिथे नसेल तर लगेच उठून तसे सांगा आणि ते सांगितल्याची नोंद घ्यायला लावा.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो आणि ३० दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे. न मिळाल्यास किंवा अपुरे मिळाल्यास पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील करावे. अर्जात 'का' विचारू नका, 'कोणता कागद' ते विचारा. बांधकाम परवाना, नगर नियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी आणि जमिनीचा एक-चौदाचा उतारा या तीन प्रती मागितल्या तर निम्मे कोडे सुटते. सातबारा इथे मागू नका, कोणी देणार नाही. भूखंडाच्या विभागबदलाच्या अधिसूचना राजपत्रात येतात आणि ते दर गुरुवारी निघते. समितीतल्या एका माणसाने ते वाचण्याचे काम अंगावर घेतलेच पाहिजे, कारण हरकतीची मुदत ज्या दिवसापासून मोजली जाते, त्या दिवशी गावात कोणी दवंडी पिटत नाही.

विषय निवडतानाही घाई नको. नदीकाठच्या एका नव्या गृहसंकुलातील रहिवाशांनी 'समोरची दलदल बुजवून उद्यान करावे, डास वाढले आहेत' असे निवेदन तयार केले होते. ती दलदल म्हणजे खाजन होते. समुद्राच्या भरतीचे खारे पाणी अडवण्यासाठी बांध घालून पिढ्यानपिढ्या राखलेली ही भातजमीन असते. बांधात मानस नावाचे दार असते. लाकडाची ही झडप भरतीच्या जोराने आपोआप मिटते आणि ओहोटीला आतले पाणी बाहेर सोडते, आणि त्याच दारापाशी जाळे लावून मासळीही धरली जाते. २०११ च्या किनारी विभाग अधिसूचनेत खाजनांना स्वतंत्र संरक्षण आहे आणि सखल जमीन बुजवणे व टेकडी कापणे यांवर नगर नियोजन कायद्याच्या कलम १७-अ ने निर्बंध आहेत. म्हणजे ज्या कलमाचा आधार घेऊन गाव बिल्डरशी लढत होता, ते मोडण्याची मागणी आपलीच सुशिक्षित मंडळी सह्यांनिशी करणार होती. गावच्या कूळ संघटनेतील एका वृद्ध शेतकऱ्याने त्यांना बांधावरून चालवत नेले, मानस दाखवली, आणि डास नेमके कुठे आहेत तेही दाखवले. ते संकुलाच्याच उघड्या गटारात होते. निवेदन मागे पडले आणि गटारावर झाकणे बसली.

कोमुनिदादीच्या वादात पडू नका. ती गावकारांची, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांची, सामायिक जमीन सांभाळणारी वंशपरंपरागत संस्था आहे, तिथे तुमचा काही संबंध नाही.

माणसे टिकवणे हे सगळ्यात कठीण काम आहे. संतापाच्या पहिल्या आठवड्यात सभागृह अपुरे पडते आणि चौथ्या बैठकीला चारच खुर्च्या भरतात. ज्याच्या दारापुढचा रस्ता झाला तो पुन्हा येत नाही, यात आपले लोक आणि स्थानिक यांत काही फरक नाही. यावर भाषण उपयोगाचे नाही, काम वाटून द्यावे लागते. निवृत्त बँक कर्मचाऱ्याकडे पोचपावत्यांची फाइल, कॉलेजच्या मुलीकडे छायाचित्रे आणि तारखा, ज्याच्याकडे गाडी आहे त्याच्याकडे पर्वरी-पणजीच्या फेऱ्या, असे ठरवून दिले की माणूस स्वतःच्या कामासाठी तरी येतो. व्हॉट्सॲपच्या गटावर शुभ सकाळ आणि राजकीय मजकूर यांना सक्त बंदी ठेवा. बैठकीची तारीख ठरवताना गावचे पंचांग पाहा. चवथीच्या दिवसांत घरोघर गणपती असतात, रविवारी सकाळी चर्चमध्ये मिस (प्रार्थना) असते, जत्रेच्या आणि फेस्ताच्या (चर्चच्या उत्सवाच्या) दिवशी कोणी येणार नाही, आणि आले नाहीत म्हणून रागावणारा नवखा आपले हसे करून घेतो.

पैशाच्या बाबतीत वर्गणी लहान ठेवा, पावती फाडा आणि हिशेब बैठकीत वाचून दाखवा. बिल्डरकडून किंवा निवडणुकीला उभे राहू पाहणाऱ्याकडून मंडप, खुर्च्या, पाण्याच्या बाटल्या काहीही घेऊ नका. संस्था नोंदवायची असेल तर १८६० च्या कायद्याखाली किमान सात सभासद लागतात. त्या सातांत गावातली माणसे निम्म्याहून अधिक असावीत आणि अध्यक्ष तर गावातलाच असावा. तशी माणसे अजून मिळत नसतील तर नोंदणी थांबवा, नाव यादीत आणा आणि येत्या ग्रामसभेला मागच्या रांगेत बसून पूर्ण वेळ ऐका. वही बरोबर न्या, कोण कोणत्या वाड्यावरचा आणि कोणत्या प्रश्नासाठी उठतो ते लिहून घ्या, आणि सभा संपल्यावर त्यांपैकी ज्यांचा प्रश्न तुमच्या प्रश्नाशी जुळतो, त्यांच्या घरी वेळ विचारून जा.