तंबोरा तुटायला लागला तेव्हा: तारेचं इंटरनेट की हवेतलं?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या वाड्यात मी गाणं शिकवते. पूर्वी सगळी मुलं जिना चढून यायची, आता निम्मी लॅपटॉपवर येतात. सकाळी साडेसहाला न्यू जर्सीच्या दोघी बहिणी, त्यांची तेव्हा आदल्या दिवसाची रात्र असते. रात्री साडेनऊला लंडनचा एक मुलगा, शाळेतून आल्या आल्या, तोंडात बिस्किट घेऊन.

गेल्या उत्तरायणात कुणाच्या तरी मांज्यात आमची फायबरची तार अडकली आणि तुटली. तक्रार केली तर उत्तर आलं, "बेन, वासी उत्तरायण पछी आवीशुं", म्हणजे संक्रांतीचा दुसरा दिवसही उलटल्यावर येऊ. पतंगांचे दोन दिवस बडोद्यात कोण कामाला येतो म्हणा! माणूस चौथ्या दिवशी उगवला. तोवर भाच्याने कानाशी भुणभुण लावली होती, "मावशी, एअरफायबर घे. तारच नको, तर तुटणार काय?" म्हणून मी या भानगडीत पडले. महिनाभर चौकशी केली आणि स्वतः मोजून पाहिलं, ते इथे लिहिते.

आधी नावाने फसू नका. जिओ आणि एअरटेल, दोघांनीही २०२३ मध्ये 'एअरफायबर' आणलं, पण त्यातलं फायबर टॉवरच्या आसपास संपतं. तिथून तुमच्या गच्चीपर्यंत सगळं हवेतून. गच्चीवर एक डबा बसवतात, त्यातून एक वायर खाली घरात येते आणि ती वाय-फायच्या राउटरला जोडतात. डबा दोन प्रकारचा असतो. एक मोबाइलच्या ५जी वर चालतो. दुसरा ५ गिगाहर्ट्झच्या, परवाना न लागणाऱ्या पट्ट्यातल्या रेडिओवर, आणि त्याला समोरचा टॉवर सरळ दिसावा लागतो. तुमच्याकडे कुठला बसणार ते आधीच विचारून घ्या, कारण दुसऱ्या प्रकारात मधे एक इमारत किंवा पावसाळ्यात पानांनी भरलेला पिंपळ आला की संपलं. लोक पावसाला घाबरतात, पण या पट्ट्यात सरींचा त्रास फारसा नसतो. ओली पानं आणि जोडात शिरणारं पाणी जास्त छळतं.

आता तुमचं काम काय ते बघा. नुसत्या सिनेमा-मालिका असतील तर नेटफ्लिक्स स्वतः सांगतं की फुल एचडीला ५ एमबीपीएस आणि ४के ला १५ पुरतात. म्हणजे चार माणसांच्या घराला १०० चा प्लॅन भरपूर झाला. (१०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. फाइल उतरवताना १२ चा आकडा दिसला म्हणून दुकानदाराशी भांडू नका. मी भांडले होते.)

माझं काम उलट्या दिशेचं आहे. माझा आवाज आणि तंबोरा इथून बाहेर जायला हवा, म्हणजे अपलोड. जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतो तो डाउनलोड. फायबरच्या बऱ्याच प्लॅनमध्ये अपलोड डाउनलोडइतकाच मिळतो, हवेतल्या जोडणीत तो बराच कमी असतो. पण त्याहून महत्त्वाची आहे स्थिरता. न्यू जर्सी इथून बारा हजार किलोमीटरच्या वर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे आवाज जाऊन यायला कितीही झालं तरी शंभर-सव्वाशे मिलिसेकंद लागणारच, प्रत्यक्षात दोनशेच्या वर. एकत्र गाणं कुठल्याच कनेक्शनवर जमत नाही. मी म्हणायचं, तिने मागून म्हणायचं. उशीर रोज तेवढाच असेल तर कानाला त्याची सवय होते, लयसुद्धा बांधता येते. तो क्षणाक्षणाला बदलला की मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड जाणं, मधेच तुटते. स्पीड टेस्टमध्ये पिंगच्या, म्हणजे जाऊन यायच्या वेळेच्या, शेजारी 'जिटर' म्हणून आकडा येतो, तो हाच. घरून ऑफिसचे कॉल करणाऱ्यांनीही तोच पाहावा.

मोजायचं कसं? ज्या कंपनीचं घेणार, तिचं ५जी सिम असलेला फोन कुणाचा तरी मागून घ्या आणि गच्चीवर जा. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन', त्यात सिमची स्थिती उघडली की सिग्नलचा जोर डीबीएम या मापात दिसतो. आकडा वजा असतो, म्हणून वजा ८५ चांगला आणि वजा ११० वाईट. आमच्या गच्चीच्या चार कोपऱ्यांत चार आकडे आले. पाण्याच्या टाकीमागे वजा १०८, सूरसागर तलावाकडच्या कठड्याशी वजा ८८. अंतर मोजून पंधरा पावलं. डबा कुठे लावायचा हे मला तिथेच कळलं. नंतर पाहणीला आलेल्या पोराने टाकीकडे बोट दाखवलं, कारण तिथून वायर कमी लागत होती. मी त्याला कठड्याशी बोलावलं. तो टाकीपाशीच उभा राहून म्हणाला, "बेन, टावर तो सामे ज छे, पण वच्चे पेली नवी बिल्डिंग आवे छे." (टॉवर समोरच आहे, पण मधे ती नवी इमारत येते.) मी म्हटलं, म्हणूनच इकडे ये.

मग त्याच जागी उभं राहून तीन वेळा स्पीड टेस्ट करा: सकाळी, दुपारी, आणि तुमच्या मुख्य कामाच्या वेळी. इथेच माझा निकाल लागला. सकाळी साडेसहाला डाउनलोड १४०, अपलोड १८, जिटर ४. मी खूश. त्याच रात्री पावणेदहाला डाउनलोड ३८, अपलोड ३, जिटर ४० च्या पुढे. टॉवर एकच. जेवणं उरकून सगळी रावपुरा-दांडिया बाजार मोबाइल घेऊन बसते, आणि त्या सगळ्यांत तो वाटला जातो. बहिणींना हे कनेक्शन चाललं असतं, लंडनच्या मुलाला नाही. गच्चीवरच्या डब्याचा अँटेना फोनपेक्षा चांगला असतो, त्यामुळे आकडे थोडे सुधारतात, पण गर्दी त्याने कमी होत नाही.

भाऊजींचं मात्र अगदी उलट झालं. ते शहराच्या कडेला, भायलीच्या पुढे नव्या सोसायटीत राहायला गेले. तिथे फायबरसाठी रस्ता खोदायचा म्हणून महिनोन् महिने नुसते वायदे. टॉवर समोर मोकळ्यावर, आजूबाजूला अजून शेतं, वस्ती विरळ. त्यांच्या गच्चीवर रात्री दहालाही आकडे हलले नाहीत. मी म्हटलं, भाऊजी, डोळे मिटून हवेतलं घ्या. फक्त समोरच्या प्लॉटवर काय उभं राहणार आहे तेवढं बिल्डरला विचारा, आणि वर्षाचे पैसे एकदम भरू नका.

तांब्याच्या तारेवरच्या जुन्या ब्रॉडबँडबद्दल फार लिहीत नाही. टेलिफोन एक्स्चेंजपासून जेवढं लांब तेवढा वेग कमी, आणि बहुतेक ठिकाणी कमाल २४ एमबीपीएस. फायबर किंवा हवेतलं मिळत असेल तर त्या वाटेला जाऊ नका. गल्लीतल्या केबलवाल्याचं इंटरनेट हा वेगळा मामला. माणूस चांगला असेल तर तो रात्री आठलाही शिडी घेऊन येतो. त्याला एकच विचारा: तार घरापर्यंत फायबरची आहे, की कुणाच्या जिन्यातल्या स्विचच्या पेटीतून आलेली तांब्याची, म्हणजे लॅनची? फायबरच्या वाटेतला, एक तार अनेक घरांत वाटणारा विभाजक (स्प्लिटर) विजेशिवाय चालतो. लॅनच्या पेटीला वीज लागते, म्हणजे शेजारच्या इमारतीतली वीज गेली की तुमचं इंटरनेट गेलं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं आणि कित्येक भाग अंधारात राहिले, तेव्हापासून मी हा प्रश्न आधी विचारते. घरातल्या राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो. पण हवेतल्या कनेक्शनच्या बाहेरच्या डब्याला वीज वायरीतूनच जाते आणि त्याच्या अडॅप्टरचे व्होल्ट वेगळे असू शकतात. अडॅप्टरवरचे बारीक आकडे वाचून मगच यूपीएस आणा.

जुन्या वाड्यांत राहणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. आमच्या भिंती दीड हात जाडीच्या, त्यातून वाय-फाय जात नाही. कनेक्शन कुठलंही घ्या, मागच्या खोलीसाठी दुसरा राउटर आणि त्याला जोडणारी वायर हा खर्च धरूनच चाला. दुसरी गोष्ट गच्चीची. आमची गच्ची तीन चुलत घरांची सामाईक. डबा केवढा, कुठे, भोक कुणाच्या भिंतीत, हे आधी बोलून घ्या. आमच्याकडे काकींनी वाळवणाची जागा अडेल म्हणून हरकत घेतली, आणि ती रास्तच होती.

पैशांचं बोलताना जाहिरातीच्या आकड्यावर १८ टक्के जीएसटी चढवा, ५९९ चे ७०७ होतात. वापराची मर्यादा विचारा. हवेतल्या प्लॅनना महिन्याला १००० जीबी, फायबरला ३३०० जीबी असा फरक बऱ्याचदा असतो, आणि त्यानंतर वेग अगदी खाली येतो. ४के तासाला सुमारे ७ जीबी खातं. घरात दोन टीव्ही रोज चार-चार तास त्यावर चालले तर १००० जीबी अठरा दिवसांतच संपतात.

मी शेवटी फायबरच ठेवलं, पण तार गच्चीवरून काढून भिंतीलगत पाइपातून घेतली. त्याचे वेगळे पैसे मोजले. लंडनचा मुलगा आता यमनमध्ये तीव्र मध्यम नीट लावतो. हो, झूमवर शिकवत असाल तर 'ओरिजिनल साउंड' चालू करा, नाहीतर तंबोऱ्याला ते खोलीतला पंखा समजून गाळून टाकतं. मी तीन महिने उगाच इंटरनेटला शिव्या देत होते.