पाळणाघरातली दुपारची झोप : कुठं, कशी आणि कुणाच्या नजरेखाली

नवं मूल घेताना लसीकरणाचं कार्ड मी मागतेच, पण त्याआधी विचारते, घरी हे झोपतं कसं? पाठीवर, पोटावर, झोळीत, की आजीच्या मांडीवर? आईबाप हसतात, झोपेत काय विचारायचं म्हणतात. पण घरी पाठीवर झोपणाऱ्या बाळाला दुसऱ्या कुणी पोटावर झोपवलं, तर झोपेत अचानक दगावण्याचा धोका नेहमी पोटावर झोपणाऱ्या बाळापेक्षाही जास्त असतो. म्हणजे हा प्रकार सांभाळणाऱ्या बाईच्या हातून होऊ शकतो. म्हणून विचारायचं, लिहून ठेवायचं, आणि आपल्याकडे काय चालेल ते पहिल्याच दिवशी सांगून टाकायचं.

माझं पाळणाघर सोलापुरात, अक्कलकोट रोडच्या बाजूला, राहत्या घरातच. पोरांच्या आया गणवेश शिवायच्या युनिटात, टॉवेलच्या कारखान्यात, दवाखान्यात कामाला जातात. दुपारी हॉलमध्ये अंथरुणं पडतात. वर्षाच्या आतली बाळं भिंतीकडेच्या बाजूला, थोरली पोरं पलीकडे. दोन्हींची सरमिसळ करायची नाही, कारण दोन वर्षांचं पोर झोपेत लोळत येतं आणि तान्ह्यावर हात-पाय टाकतं. थोरल्यांना एकाचं डोकं तर शेजारच्याचे पाय असं उलटसुलट झोपवते. एकाची सर्दी दुसऱ्याच्या तोंडावर जात नाही आणि गप्पाही थांबतात.

एक वर्षापर्यंत प्रत्येक झोप पाठीवर. कुशीवरही नको, कुशीवरचं बाळ पोटावर घरंगळायला वेळ लागत नाही. इथं हमखास एक शंका येते, "काकू, पाठीवर असताना दूध वर आलं तर नाकातोंडात जाईल की ओ!" उलटं आहे. बाळ पाठीवर असतं तेव्हा श्वासनळी वर असते आणि अन्ननळी तिच्या खाली. वर आलेलं दूध खालच्या नळीकडेच परत जातं. पोटावर पालथं केलं की श्वासनळी खाली येते. इंग्लंडात १९९१ साली आणि अमेरिकेत १९९४ साली बाळांना पाठीवर झोपवायची मोठी मोहीम निघाली, त्यानंतर झोपेत अचानक होणारे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. सगळ्यांत जपायचा काळ दोन ते चार महिन्यांचा. बाळ आपलं आपण दोन्ही बाजूंना वळायला लागलं, तर झोपवताना पाठीवर ठेवायचं. मग ते स्वतः वळलं तर उठवून सरळ करत बसायचं नाही.

अंथरूण टणक आणि सपाट हवं. खाली सतरंजी, वर पातळ, घट्ट भरलेली गादी आणि तिच्या कडांखाली ताणून खोचलेली सुती चादर. हाताने दाबलं तर खड्डा पडता कामा नये. फोमची मऊ गादी, सोफा, पाहुण्यांचा पलंग यातलं काही नको. सोफा तर मुळीच नाही. बाळाला छातीवर घेऊन सोफ्यावर टेकलं आणि आपला डोळा लागला, तर पाठ आणि गादीच्या फटीत बाळ कधी सरकतं कळत नाही. आणि आपली सोलापुरी चादर! पाहुण्याला भेट द्यायची वस्तू, जाड, ऊबदार. तिची घट्ट घडी करून गादीखाली घाला, छान टणक होते. बाळाच्या अंगावर मात्र घालायची नाही. तान्ह्याच्या अंथरुणात बाळाशिवाय काही नको. उशी नको, लोड नको, कापसाचा ससा नको, तोंडावर येईल असं दुपटं नको.

मोहरीच्या उशीवरून आज्या रागावतात. डोकं चपटं होईल म्हणतात. त्यांचा मुद्दा पूर्ण खोटा नाही, सतत एकाच बाजूला मान ठेवली तर मागून चपटेपणा येतो. पण उपाय उशी नाही. बाळ जागं असताना, आपण समोर बसून, त्याला थोडा थोडा वेळ पालथं घालायचं, आणि झोपवताना डोक्याची दिशा रोज बदलायची. आज डोकं खिडकीकडे, उद्या दाराकडे. बाळ उजेडाकडे बघतं, मान आपोआप फिरते.

आता झोळी. "आमची सगळी पोरं झोळीतच मोठी झाली," हे मला दर नव्या मुलामागे ऐकायला मिळतं, कधी मराठीत, कधी तेलुगूत. मी वाद घालत नाही. घरी आजी शेजारी बसून झोका देते, तिची नजर असते. इथं पोरं जास्त आणि हात कमी. साडीच्या झोळीत बाळाची पाठ वाकते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. साडीचा काठ तोंडावर येतो. थोडं मोठं झालेलं बाळ उठून बसतं आणि बाहेर पडतं. शिवाय मोकळी लोंबणारी साडी ही थोरल्या पोरांच्या गळ्याला फास आहे. म्हणून माझ्या हॉलच्या हुकाला पंखाच आहे, दुसरं काही नाही. झोळीची सवय असलेलं बाळ पहिले काही दिवस रडतं. मांडीवर हलवून पेंगायला लागलं की पाठीवर ठेवते, छातीवर हात ठेवून बसून राहते. सवय होते. आईला आधीच सांगून ठेवायचं, म्हणजे ती तिसऱ्या दिवशी झोळी घेऊन दारात येत नाही.

झोपवण्याआधी गळ्यातलं सगळं काढायचं. काळा दोरा, ताईत, बाळंतविड्यातली चांदीची साखळी, दुपट्याचा नाडा. एका डबीत घालून, नाव लिहून, जाताना परत द्यायचं. देवाचं आहे म्हणून कुणी नको म्हटलं तर मनगटाला किंवा पायाला बांधा म्हणते, पण गाठ पक्की आणि मणी न सुटेल अशी.

सोलापूरचा उन्हाळा वेगळं प्रकरण आहे. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळिसाच्या वर जातो आणि पत्र्याच्या खोलीत भट्टी पेटते. वरच्या मजल्यावर किंवा पत्र्याखाली दुपारी मूल झोपवू नका, सगळ्यांत खालची, सावलीची खोली निवडा. बाळाला एकच पातळ सुती कपडा, टोपी नाही, मोजे नाहीत. कुलर लावला तर समोरची खिडकी उघडी, नाहीतर खोली दमट होऊन जास्त त्रास, आणि वाऱ्याचा झोत थेट बाळावर नको. कुलरच्या वायरीपासून अंथरूण लांब. हातपाय गार लागले तरी फसू नका, मानेच्या मागे किंवा छातीला हात लावून बघा. तिथं घाम किंवा चटका लागला तर कपडा कमी करा. लाईट गेली तर पंखा बंद पडतो, म्हणून इन्व्हर्टर नसेल तर चार्जिंगचा पंखा भरून ठेवा. तान्ह्याला, म्हणजे सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला, उन्हाळा म्हणून वरचं पाणी पाजायचं नाही, दूधच जास्त वेळा.

पाण्यावरून आठवलं. आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे प्रत्येक घरात पिंपं, बादल्या, घंगाळं भरलेली. झोपेतून आधी उठलेलं दीड वर्षाचं पोर गुपचूप मोरीकडे जातं. बादलीत वितभर पाणी असलं तरी डोकं खाली गेलं की त्याला वर येता येत नाही. मोरीच्या दाराला वरची कडी, पिंपाला घट्ट झाकण आणि त्यावर पाटा किंवा वीट, बादल्या पालथ्या. पाणी आलेल्या दिवशी दार उघडं राहतं, त्या दिवशी जास्त जपायचं.

मच्छरदाणी चांगली, पण ताठ बांधलेली किंवा छत्रीसारखी टोपली, सैल लोंबणारी नको. डासांच्या अगरबत्तीची वेटोळी नको, त्या धुराचा तान्ह्या छातीला त्रास. तसाच बिडी-सिगारेटचा. घरात कुणी ओढत असेल तर अंगणातही नाही म्हणा, आणि विडी वळण्याचं काम त्याच खोलीत होत असेल तर तंबाखूचं सूप झोपेच्या जागेपासून दूर ठेवा.

औषधावर माझा नियम कडक आहे. झोप यावी म्हणून सर्दीचं सिरप, जायफळ, काहीही मी देत नाही. सकाळी घरी जायफळ उगाळून चाटवलं असेल तर मला सांगा, कारण त्या दिवशीची सुस्ती मी वेगळ्या डोळ्यांनी बघते. मध एक वर्षापर्यंत बोटाला लावूनही नाही. बाटली तोंडात ठेवून झोपवणंही नाही.

आणि झोपलेल्यांवर नजर कुणाची? मोबाईल नाही, कॅमेरा नाही, माणूस. मी खोलीतच बसते, भाजी निवडते. दहा-पंधरा मिनिटांनी एकेकाजवळ जाऊन छाती हलते का, ओठांचा रंग ठीक आहे का, तोंडावर काही आलं आहे का बघते. खोलीत निदान एवढा उजेड हवा की चेहरा दिसेल. मला आत जावं लागलं तर मदतनीस जागा घेते, तोपर्यंत उठायचं नाही.

बाळ हलवून, तळपायाला टिचकी मारून प्रतिसाद देत नसेल आणि श्वास दिसत नसेल, तर लगेच मोठ्याने हाक मारून दुसऱ्याला १०८ लावायला सांगायचं, आणि आपण छाती दाबणं सुरू करायचं. ३० दाब, २ श्वास, दाब मिनिटाला शंभर ते एकशेवीस, खोली साधारण चार सेंटिमीटर. हे वाचून येत नाही. प्रशिक्षण घेऊन बाहुलीवर हाताने करा. दारामागे पत्ता, जवळची खूण आणि फोन नंबर मोठ्या अक्षरांत लावून ठेवा, घाबरल्यावर स्वतःच्या गल्लीचं नावही आठवत नाही.

माझ्या वहीत प्रत्येकाची एक ओळ असते, किती वाजता झोपला, किती वाजता उठला, ताप वगैरे काही होतं का. संध्याकाळी आई आली की ती वाचून दाखवते. बाळ पहिल्यांदा आपणहून वळताना दिसलं की तेही लिहिते, आणि आईला सांगते, घरी रात्री दुपट्यात गुंडाळत असाल तर आजपासून बंद.