कोयता लागला तर सुतळी शोधू नका, आधी दाबा

मी 22 वर्षं आरोग्य केंद्रात नर्स आहे. ऊसतोड सुरू झाली की कोयत्याच्या जखमा येऊ लागतात. गेल्या हंगामात एका बाईला ट्रॅक्टरवर घालून आणलं. मनगटाच्या चार बोटं वर वार, त्यात मूठभर हळद कोंबलेली, दंडाला सुतळी. तरी काळपट रक्त संथपणे वाहतच होतं. मी जखमेवर गॉजची घडी ठेवून तळहाताने दाबलं आणि सुतळी कापली. थोड्या वेळात रक्त थांबलं. टाक्यांआधी ती हळद धुऊन काढताना मात्र बाई कळवळली.

सुतळी बांधूनही रक्त का थांबेना? रक्तवाहिन्या दोन प्रकारच्या, रोहिणी आणि नीला. रोहिणी हृदयाकडून रक्त आणते. तिची भिंत जाड, आतला दाब मोठा, आणि ती बहुधा खोलवर असते. नीला रक्त परत नेते. ती पातळ, आणि हातावर हिरवट दिसतात त्या नीलाच. अर्धवट आवळलेल्या सुतळीने नीला बंद होतात, रोहिणी चालूच राहते. हातात रक्त येत राहतं, परतीची वाट अडलेली, मग ते जखमेतूनच बाहेर पडतं.

लालभडक रक्त ठोक्यागणिक उडत असेल तर रोहिणी तुटली आहे असं समजा, काळपट आणि संथ असेल तर नीला. पण हे ओळखत बसू नका. मोठी नीला तुटली तरी जीव जाऊ शकतो.

माणसाला आडवं झोपवा. कोणाला तरी 108 लावायला सांगा. ओढणी, टॉवेल, जे स्वच्छ सुती कापड हाताशी असेल त्याची जाड घडी जखमेच्या तोंडावरच ठेवा आणि कोपर ताठ ठेवून अंगाचा भार द्या. घड्याळ लावून 10 मिनिटं. थांबलं का म्हणून मध्ये उचलून बघायचं नाही, धरू लागलेली गुठळी निघून येते. हातापायाची जखम खोल असेल तर कापड आत ठासा आणि वरून दाबा. काही रुतलं असेल तर उपसू नका, दोन्ही बाजूंनी दाबा.

एवढं करूनही हातापायातून धार उडतच असेल, तरच बांधायचं. सुतळी, तार नको. तीन बोटं रुंद पट्टी घ्या. जखमेच्या वर चार बोटं, सांधा सोडून बांधा, गाठीत काठी अडकवून धार थांबेपर्यंत पिळा. माणूस ओरडेल, तरी सैल करू नका. बांधल्याची वेळ पेनाने त्याच्या कपाळावर लिहा. ती पट्टी आता डॉक्टरच सोडतील.